बरणी, भोक आणि वर्गमूळ : प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात एका चुकलेल्या उत्तरानं झाली. गेल्या आठवड्यात टाकी धुवायची म्हणून तळाचा नळ उघडून ठेवला होता. वीस मिनिटांनी भाचीनं डोकावून सांगितलं, "मावशी, निम्मी रिकामी झाली." मी बेधडक म्हटलं, "मग अजून वीस मिनिटं." वीस मिनिटांनी बघतो तर पाणी होतंच. निम्मी झाल्यापासून तळ दिसेपर्यंत पाऊण तास गेला की काय असं वाटलं, पण घड्याळ लावलेलं नव्हतं. ती म्हणाली, "पाणी दमलं गं." दमलं हे खरंच, पण किती दमलं आणि कोणत्या हिशेबानं दमलं, ते काढायचं. टाकी मोठी, तिच्याशी प्रयोग नको. बरणी घेऊ.

साहित्य: सरळ उभ्या भिंतीची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, ४ मिमीचं ड्रिल बिट, कागदी मोजपट्टी, चिकटपट्टी, फोनचा कॅमेरा. भोक तळाला नाही, तळाच्या जरा वर, भिंतीत पाडलं. उंची मोजायची ती भोकाच्या मध्यापासून.

बरणीचा आतला व्यास बाहेरून मोजता येत नाही आणि आत पट्टी नीट बसत नाही. मग ५०० मिलि पाणी मापून ओतलं. पातळी ९.० सेंमी चढली. म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ५५.६ चौ. सेंमी. हे पट्टीपेक्षा भरवशाचं.

पहिला प्रयत्न फसला. पाणी हिंदकळून बाहेर उडू नये म्हणून झाकण घट्ट लावलं आणि भोकावरची चिकटपट्टी ओढली. धार जोरात सुटली, दोन-तीन सेकंदांत मलूल झाली आणि थांबली. बरणीची भिंतही किंचित आत ओढली गेली. वरून हवा आत यायला वाट नाही, तर पाणी तरी कुठून जाणार? दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. झाकण उद्यापासून बाजूला.

२ नोव्हेंबर, रविवार

आधी ती पट्टीवर आकडा बघून ओरडायची आणि मी लिहायची, असं करून बघितलं. दोनदा तिसऱ्याच आकड्यावर भांडण झालं. ती उभी राहून वरून बघते, मी बसून समोरून, आणि त्यानंच तीन-चार मिमीचा फरक पडतो. फोन पाण्याच्या साधारण मध्यावर, पट्टीच्या अगदी समोर टेकवून ठेवला, चित्रफीत काढली आणि नंतर थांबवून थांबवून आकडे वाचले. हा उपाय जमला. वाचनात चूक धरायची एक मिमीच्या आसपास.

तीन फेऱ्यांची सरासरी:

० सेकंद: २०.० सेंमी
२० सेकंद: १४.८
४० सेकंद: १०.४
६० सेकंद: ६.८
८० सेकंद: ३.९
१०० सेकंद: १.९

शंभरच्या पुढचं वाचलंय, पण तिथे धार विचित्र वागते. ते वेगळं बघेन.

स्प्रेडशीटमध्ये बिंदू टाकले आणि सवयीनं सरळ रेषेची ट्रेंडलाइन मागितली. उतार उणे ०.१८१ सेंमी दर सेकंदाला, आर-वर्ग (रेषा बिंदूंना किती जुळते याचं माप, एक म्हणजे पूर्ण जुळली) ०.९७६. आर-वर्ग एकच्या इतका जवळ, म्हणजे रेषा चांगली बसली, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं आणि वही मिटली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वही मिटायला नको होती. ती रेषा सांगते की बरणी १०३ सेकंदांत रिकामी होते. चित्रफितीत १०३ व्या सेकंदाला दीड सेंटीमीटरहून जास्त पाणी स्पष्ट दिसतंय. आणि ० सेकंदाला रेषा म्हणते १८.७ सेंमी, जिथे मी स्वतःच्या हातानं २० पर्यंत भरलं होतं!

आज फक्त फरकाचा स्तंभ काढला. मोजलेली उंची वजा रेषेनं सांगितलेली उंची:

+१.३१, −०.२७, −१.०४, −१.०२, −०.३०, +१.३२

एक मिमीची चूक धरली होती, आणि इथे फरक तेरा मिमीपर्यंत. पण मला आकारापेक्षा क्रम खटकला. वाचनातली चूक अशी शिस्तीत येत नाही. ती कधी अधिक, कधी उणे, कशीही. इथे दोन्ही टोकांना अधिक आणि मधे सगळं उणे. हा फरकांचा आलेख काढला तर दोरी दोन बाजूंना बांधून मधे सोडावी तसा झोका दिसतो. आर-वर्गाला हा झोका दिसत नाही, कारण तो फरकांच्या वर्गांची बेरीज करतो, रांग बघत नाही. वीस सेंटीमीटरच्या उतरणीत सेंटीमीटरभर झोका त्याला किरकोळच.

यापुढे प्रत्येक आलेखाखाली फरकांचा आलेख काढायचाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

वाकलेली रेषा म्हटली की पहिलं नाव आठवतं ते घातांकी घटीचं, दर ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा कमी. तपासायला ट्रेंडलाइन लागत नाही, शेजारच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर पुरतं.

१४.८ भागिले २०.० म्हणजे ०.७४. मग ०.७०, ०.६५, ०.५७, ०.४९.

घातांकी असतं तर हा आकडा जागेवर राहिला असता. हा सरळ घसरतोय. शिवाय घातांकी वक्र कधीच शून्याला टेकत नाही आणि बरणी तर रिकामी होते. हे आधीच सुचायला हवं होतं.

दोन साचे बाद झाले. आता साचे लावून बघणं थांबवून पाणी का दमतं ते बघायला हवं.

८ नोव्हेंबर, शनिवार

इव्हान्जेलिस्ता टोरिचेल्ली. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला मदतनीस, पाऱ्याच्या वायुभारमापकामुळे ओळखला जातो तोच. त्यानं १६४४ मध्ये छापलेलं सांगणं असं: भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या वस्तूला खाली येईपर्यंत मिळतो तेवढा. उंची उ असेल तर वेग √(२गउ), ग म्हणजे गुरुत्वत्वरण, ९८० सेंमी प्रति सेकंद वर्ग.

भाचीला आकडे घालून दाखवले. पाणी २० सेंमी असताना वेग १९८ सेंमी प्रति सेकंद. पाणी ५ सेंमी असताना ९९. उंची पाव झाली तर वेग निम्मा. "म्हणजे पाणी जितकं कमी होतं तितकं दमत नाही, त्याच्याहून कमी दमतं," ती म्हणाली. बरोबर. घातांकी घटीत वेग उंचीच्या प्रमाणात पडतो, इथे तो वर्गमुळाच्या प्रमाणात पडतो. दोन वक्र दुरून सारखे दिसतात, पण एक कधी संपत नाही आणि दुसरा संपतो.

पातळी खाली जाण्याचा वेग √उ च्या प्रमाणात असेल, तर √उ ही संख्या दर सेकंदाला सारखीच घटायला हवी. (उंची ही एकसारख्या घटणाऱ्या संख्येचा वर्ग असेल, तर तिचा घटण्याचा वेग त्या संख्येच्याच प्रमाणात राहतो. कलन न वापरता हे चौरसाची बाजू थोडी कमी करून दाखवता आलं, आणि मला स्वतःलाही ते आज जास्त पटलं.) मोजलेल्या उंचींची वर्गमुळं:

४.४७, ३.८५, ३.२२, २.६१, १.९७, १.३८

शेजारच्या आकड्यांतली वजाबाकी: ०.६२, ०.६३, ०.६१, ०.६४, ०.५९. जागेवर!

समीकरण: √उ = ४.४७ − ०.०३१०क, क म्हणजे सुरुवातीपासूनचे सेकंद. फरक सगळे दुसऱ्या दशांश स्थळी आणि चिन्हं विस्कटलेली, कुठे झोका नाही. रेषा आडव्या अक्षाला १४४ सेकंदांवर छेदते.

यातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडली. पातळीचा वेग एकसारखा कमी होत जातो, म्हणजे पातळी ही ब्रेक सारखाच दाबून ठेवलेल्या सायकलसारखी थांबते. अशी सायकल सुरुवातीच्या वेगानं जेवढ्या वेळात थांब्यापर्यंत पोचली असती, त्याच्या बरोबर दुप्पट वेळ घेते. आपली बरणी सुरुवातीच्या वेगानं ७२ सेकंदांत रिकामी झाली असती. दुप्पट केले की १४४.

आणि टाकीचा हिशेब. पाणी निम्मं व्हायला एकूण वेळाच्या १ − १/√२ एवढा भाग लागतो, म्हणजे शंभरातले २९. उरलेल्या निम्म्याला ७१. पहिल्या निम्म्याला वीस मिनिटं लागली असतील, तर दुसऱ्याला अठ्ठेचाळीस. पाऊण तास म्हणजे मनाचे खेळ नव्हते. यात टाकीच्या भिंती सरळ धरल्यात आणि नळातलं घर्षण सोडून दिलंय, पण मी दिलेल्या "अजून वीस मिनिटं" या उत्तरापुढे हे सगळं चालेल.

९ नोव्हेंबर, रविवार

कालचा आनंद एक दिवस टिकला. ०.०३१० हा आकडा मी आलेखातून वाचला. तो भोकाच्या आणि बरणीच्या मापातून, काहीही न मोजता, निघायला हवा. भोकाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौ. सेंमी, बरणीचं ५५.६. गुणोत्तराला √(२ग) नं गुणून निम्मं केलं: ०.०५०१. त्या हिशेबानं बरणी ८९ सेकंदांत रिकामी व्हावी. घड्याळ म्हणतं १४४.

आकार शंभर टक्के बरोबर आणि आकडा दीडपटीहून जास्त चुकलेला. आलेखाचा आकार जुळला की आपण खूश होतो, आणि उतार हा "काहीतरी स्थिरांक" म्हणून सोडून देतो. तो कुठून आला हे विचारलं नसतं, तर हा घोळ कळलाही नसता.

भोक लहान तर नाही? १४४ सेकंद यायला ते ३.१५ मिमीचं हवं. ४ मिमीचं बिट परत घालून बघितलं, नेटकं बसतं. बरणीचं क्षेत्रफळ पुन्हा मोजलं, ५५.६ च. ग कडे शंकेनं बघण्यात अर्थ नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वेळ नव्हता. फक्त प्रश्न नीट लिहून ठेवते: बाहेर येणारं पाणी हिशेबाच्या ०.६२ पट आहे. पाणी म्हणजे वेग गुणिले धारेचं क्षेत्रफळ. मग यातलं काय कमी पडतंय, वेग की क्षेत्रफळ? बरणीतल्या पातळीवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. दुसरं काहीतरी मोजायला हवं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

धार कुठे पडते ते मोजायचं! हे सुचवलं भाचीनं, खेळता खेळता. धार आडवी सुटते, म्हणून तिचा वेग तिच्या उडीत दिसतो, जाडी दिसत नाही.

बरणी स्टुलावर ठेवली, खाली पसरट ट्रे. भोकापासून ट्रेपर्यंत ३० सेंमी. आडवी सुटलेली वस्तू ३० सेंमी पडेपर्यंत किती पुढे जाते? टोरिचेल्लीचा वेग घातला तर ग कटून जातो आणि उरतं फक्त २√(उ × ३०). ग नको, भोकाचं माप नको, बरणीचं क्षेत्रफळ नको. इतकं सुटसुटीत समीकरण या प्रकल्पात दुसरं नाही.

उ २० असताना हिशेब ४९ सेंमी. भाची मगनं हळूहळू पाणी घालत पातळी २० वर धरून होती (जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास रोखून), आणि मी ट्रेमध्ये पट्टी सरकवत होते. धार पडली ४८ वर. पातळी ५ वर धरली: हिशेब २४.५, मोजलं २४.

दोन्ही वेळा ०.९८ पट. म्हणजे वेग जवळपास पुरेपूर आहे, पाणी आळशी नाही. मग बाकीची तूट धारेच्या जाडीत. ०.६२ भागिले ०.९८ म्हणजे ०.६३, धारेचं क्षेत्रफळ भोकाच्या ०.६३ पट, व्यास ३.२ मिमी.

फोन भोकाजवळ नेऊन, शेजारी पट्टी धरून फोटो काढला. मोठा करून बघितला. भोकाच्या कडेशी धार ४ मिमी आहे, आणि अवघ्या दोन-तीन मिमी पुढे ती आवळली गेली आहे. तिथून पुढे गुळगुळीत काचेच्या काडीसारखी, तेवढ्याच जाडीची. फोटोवरून मोजलं तर ३.२ च्या आसपास. गेले पंधरा दिवस ही धार डोळ्यांसमोर होती आणि तिची कंबर दिसली नाही, कारण ती बघायची आहे हे माहीत नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कंबर का? भोकाकडे पाणी फक्त समोरून येत नाही. भिंतीला घासत, सगळ्या बाजूंनी येतं, आणि कडेशी आलेल्या पाण्याला काटकोनात एकदम वळता येत नाही. ते आतल्या बाजूला जोर लावतच बाहेर पडतं, म्हणून धार भोकाच्या पुढे जाऊनही आवळत राहते. न्यूटनलाही हे आधी सापडलं नव्हतं. आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं धारेच्या या आकुंचनाची दखल घेऊन आपला हिशेब सुधारला. लांब चिरीसाठी हे गुणोत्तर कागदावर नेमकं काढता येतं, π/(π+२), म्हणजे ०.६११. गोल भोकाचा आकडा त्याच्या शेजारचाच.

हे स्पष्टीकरण खरं असेल, तर धारेला आवळू न देता बाहेर काढलं की पाणी जास्त यायला हवं. बरणीच्या समोरच्या बाजूला, त्याच उंचीवर, नवं भोक पाडून त्यात आतून ४ मिमी व्यासाची, सव्वा सेंटीमीटर लांबीची नळी चिकटवली. नळीचं आतलं तोंड भिंतीशी सपाट. जुन्या भोकावर चिकटपट्टी.

पैज लावली. भाची म्हणाली नळीत घर्षण होणार, पाणी हळू येणार. व्यवहारी उत्तर. पण २० वरून १.९ सेंमीवर यायला जिथे १०० सेकंद लागत होते, तिथे ८० लागले. नळी लावून पाणी लवकर गेलं! आवळलेली धार नळीच्या आतच परत फुगून भिंतीला चिकटते आणि पूर्ण तोंडानं बाहेर पडते. गुणोत्तर ०.६२ वरून ०.७८ च्या घरात. अर्थात नळी लांबवत नेली तर शेवटी तिचंच खरं होणार, घर्षण वरचढ ठरणार. पैज बरोबरीत सोडवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाजूला ठेवलेली शेपटी. ११० सेकंदांना समीकरण १.१ म्हणतं, पट्टी १.२. १२० ला समीकरण ०.५६, पट्टी ०.८. १३० ला पाणी ०.७ वर आणि धार संपून भिंतीवरून ओघळ.

इथे वर्गमूळ चुकलं नाही, दुसराच गडी मैदानात आला: पृष्ठताण. ४ मिमीच्या भोकात पाण्याची फुगीर कातडी जेवढा दाब अडवून धरते तो साधारण ७२ पास्कल, म्हणजे पाऊण सेंटीमीटर पाण्याचा दाब. २० सेंमीच्या पाण्यापुढे तो नगण्य, एक सेंमीपुढे बरोबरीचा. म्हणून समीकरणापुढे लिहिते: "उ दोन सेंमीहून जास्त असेल तरच." ही अट समीकरणाचाच भाग.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बरणीला सुट्टी. गुणोत्तरांचा स्तंभ दुसरीकडे वापरून बघायचा होता. कपात २५० ग्रॅम गरम पाणी, डिजिटल थर्मामीटर, खोलीचं तापमान २७ अंश. न्यूटननं १७०१ मध्ये नाव न घालता छापलेला नियम: वस्तू आणि भोवतालच्या तापमानातला फरक दर ठरावीक वेळात ठरावीक हिश्श्यानं कमी होतो. हा खरा घातांकी नियम. त्याचं गुणोत्तर जागेवर राहायला हवं.

दर दहा मिनिटांनी तापमान: ८०.०, ६६.५, ५७.८, ५१.५, ४७.०, ४३.६, ४०.९.

प्रत्येकातून २७ वजा करून गुणोत्तरं: ०.७५, ०.७८, ०.८०, ०.८२, ०.८३, ०.८४.

जागेवर नाही. बरणीत ते घसरत होतं, इथे चढतंय! आलेख दिसायला इतका देखणा आला होता की आधीची मी पुन्हा ट्रेंडलाइन मारून उठले असते. सुरुवातीला पाणी नियमापेक्षा भरभर निवतंय. संशयित एकच, कपावरची वाफ.

२३ नोव्हेंबर, रविवार

तोच कप, तेवढंच पाणी, वर घट्ट बसणारी बशी. ८०.०, ७१.३, ६४.०, ५७.९, ५२.८. गुणोत्तरं: ०.८४, ०.८४, ०.८४, ०.८३. खिळा मारल्यासारखी जागेवर.

मग उघडा कप वजनकाट्यावर ठेवून पहिली दहा मिनिटं बघितली. ३ ग्रॅम गेले. काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, म्हणून दोन ते चार धरू. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.३ किलोज्यूल लागतात, म्हणजे वाफेनं नेली अंदाजे ७ किलोज्यूल. उघड्या कपानं झाकलेल्यापेक्षा या दहा मिनिटांत जी जास्त उष्णता गमावली ती ४.८ अंशांची, २५० ग्रॅमला ५ किलोज्यूल. बशीही तापून थोडी उष्णता बाहेर टाकतेच, त्यामुळे हे दोन आकडे अगदी जुळायला नकोतच. जवळ आहेत एवढं बास.

न्यूटननं तापलेलं लोखंड वाऱ्याच्या एकसारख्या झोतात ठेवलं होतं. लोखंडाची वाफ होत नाही. नियम त्याचा बरोबर, कप आमचा वेगळा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रबरी चेंडू एक मीटरवरून सोडला, टप्प्यांचे आवाज फोनवर ध्वनिमुद्रित केले, आवाजाच्या लहरीत टोकं मोजली. दोन टप्प्यांमधला वेळ: ०.७२, ०.५८, ०.४६, ०.३७, ०.३० सेकंद. गुणोत्तर ०.८ वर ठाम. पहिल्या टप्प्यानंतर बेरीज ०.७२/(१−०.८), म्हणजे ३.६ सेकंद, कागदावर टप्पे असंख्य, वेळ मात्र मोजका. ध्वनिफितीत साडेतीन सेकंदांच्या आसपास टकटक मिटून नुसती घरघर राहते. तासाभरात आटपलं, कुठेच अडलं नाही, म्हणून लिहायलाही फार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या दिवशीचं झाकण डोक्यातून जात नव्हतं. हवा आत येऊ दिली नाही तर धार थांबते. मग हवा यायची जागा आपण ठरवली तर?

ही कल्पना जुनी निघाली. सतराव्या शतकातल्या एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते. झाकण हवाबंद, त्यातून एक नळी खाली पाण्यात सोडलेली. आत हवा येणार ती फक्त नळीच्या खालच्या टोकातून, बुडबुड्यांनी. त्यामुळे त्या टोकापाशी दाब बाहेरच्या हवेइतका राहतो, वर पाणी कितीही असो. भोकाला पाण्याची उंची जाणवते ती नळीच्या टोकापासूनची, पातळीपासूनची नाही. पाण्याला दमू न देण्याची युक्तीच ही.

आज प्रयोग करायचा नाही असं ठरवलं. आधी आलेख काढायचा. नळीचं टोक भोकापासून ६ सेंमी वर. पातळी उतरण्याचा वेग ०.०६२ (०.०३१० ची दुप्पट) × √६, म्हणजे ०.१५२ सेंमी प्रति सेकंद. १८ वरून सुरुवात, १५ सेकंदांना २.२८ सेंमी, आणि ७९ व्या सेकंदाला पातळी नळीच्या टोकाशी. तिथून पुढे नेहमीचा वक्र. ग्राफ पेपरवर भाचीनं पेननं रेषा ओढली. पेन्सिल मी मुद्दाम दिली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

नळीसाठी झाकणात पाडलेलं भोक नळीच्या भोवतीनं गोंदानं बंद केलं. तरी पहिल्या फेरीत झाकणाच्या आट्यातून हवा शिरली, बुडबुडे आलेच नाहीत आणि पातळी जुन्याच वक्रानं गेली. आट्यांवर चिकटपट्टीचे चार वेढे दिले.

दुसरी फेरी. धार सुटताच नळीतलं पाणी झर्रकन खाली गेलं, टोकाशी पहिला बुडबुडा सुटला, आणि मग एकामागून एक, घड्याळाच्या ठोक्यासारखे. ट्रेमध्ये धार एकाच जागी पडत राहिली. इतके दिवस ती मागे मागे सरकताना बघायची सवय झालेली, त्यामुळे ती हलत नाही हेच विचित्र वाटत होतं.

दर १५ सेकंदांनी: १८.०, १५.६, १३.४, ११.१, ८.९, ६.६. वजाबाक्या २.४, २.२, २.३, २.२, २.३. बुडबुड्यांनी पातळी डुचमळते, म्हणून इथे वाचनातली चूक जरा जास्त. फरक: ०, −०.१२, −०.०४, −०.०७, +०.०१, −०.०१. पहिला मोठा आहे, सुरुवातीला नळी रिकामी होईपर्यंतची ती घाई असावी.

८० व्या सेकंदाला बुडबुडे थांबले. भाचीनं पेननं ओढलेल्या रेषेवर बिंदू मांडले, मग त्यापुढचे वक्रावरचे. ट्रेमधली धार परत मागे सरकायला लागली होती.

"आता दमलं," ती म्हणाली, आणि चिकटपट्टीनं भोक बंद केलं.